कादंबरीकाराची प्रदक्षिणा

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वर झोपत नाही. आदल्या रात्रीपासून लोक कुशावर्तावर आंघोळ करतात आणि ओल्या अंगानंच ब्रह्मगिरीच्या फेरीला लागतात. प्रयागतीर्थ, पहिने, सापगाव असा डोंगराला वळसा घालून पुन्हा गावात यायचं. जवळची फेरी वीस किलोमीटरच्या आसपास, लांबची त्याच्या दुप्पट. वरून पाऊस, समोर धुकं, पायाखाली चिखल आणि आगेमागे ‘बम बम भोले’चा गजर.

परंपरा सांगते, की सव्वासातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी अशाच फेरीला एक कुटुंब निघालं होतं. विठ्ठलपंत, रुक्मिणी आणि त्यांची चार मुलं. रानात वाघ आडवा आला, पळापळ झाली आणि थोरला निवृत्ती चुकला. तो ज्या गुहेत शिरला, तिथं गहिनीनाथ होते. काही दिवसांनी मुलगा परत आला तो दीक्षा घेऊनच. पुढं त्यानं धाकट्या भावाला, ज्ञानदेवाला, अनुग्रह दिला.

सांगायला गेलं तर गोष्ट चार वाक्यांची. कीर्तनकार ती अर्ध्या तासात रंगवतो. कादंबरीकाराला मात्र तिचं प्रकरण करायचं असतं, वीस-पंचवीस पानांचं आणि वाचकाच्या अंगावर पाऊस पडेल असं. चार वाक्यांची पंचवीस पानं होतात कशी, ते या लेखात टप्प्याटप्प्यानं पाहू. वाटाड्या म्हणून घेऊ गो. नी. दांडेकरांना. ज्ञानेश्वरांवर ‘मोगरा फुलला’, तुकारामांवर ‘तुका आकाशाएवढा’ आणि समर्थांवर ‘दास डोंगरी राहतो’ अशा संतचरित्रांच्या तीन कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्यांतली पानं इथं उलगडणार नाही, ती ज्यानं त्यानं वाचावीत. इथं बघायचं आहे ते पानांमागचं काम.

आधी चालणं

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा. तेराव्या वर्षी, सातवीत असताना, स्वातंत्र्यलढ्यात पडायचं म्हणून घर सोडलं आणि शाळा तिथंच संपली. पुढची वर्षं भटकंतीची. गाडगेमहाराजांचा सहवास घडला, नर्मदेची परिक्रमा झाली. हे सगळं पुढं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि ‘स्मरणगाथा’ या पुस्तकांत उतरलं. ‘स्मरणगाथे’ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. तळेगाव दाभाड्याला घर केल्यावरही पाय थांबले नाहीत. गडकोट हे त्यांचं आयुष्यभराचं वेड. रायगड-राजगडाच्या वाऱ्या त्यांनी वारकऱ्याच्या नेमानं केल्या, किल्ल्यांची छायाचित्रं काढली, त्यांच्यावर पुस्तकं लिहिली.

या चालण्याचा कादंबरीशी संबंध कसा येतो? त्यांच्या कादंबऱ्यांची नावं नकाशावर मांडून पाहा. ‘पडघवली’ आणि ‘शितू’ कोकणात, ‘पवनाकाठचा धोंडी’ पवनेच्या खोऱ्यात, ‘माचीवरला बुधा’ राजमाचीच्या परिसरात, ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडात. बुधा नावाचा म्हातारा मुंबई सोडून डोंगरावर राहायला येतो, एवढंच त्या कादंबरीचं कथानक. बाकी सगळं झाडं, पाखरं, वारा आणि एकटेपण. असं पुस्तक टेबलावर बसून रचता येत नाही. कुठल्या उतारावर दम लागतो, पाणी कुठं मिळतं, संध्याकाळी सावली आधी कुठल्या बाजूला पडते, हे पायांना ठाऊक असावं लागतं.

ही सवय एकट्या गोनीदांची नव्हे. ‘युद्ध आणि शांती’ लिहिताना तोलस्तोय १८६७ साली बोरोदिनोच्या रणभूमीवर जाऊन ती हिंडून आला होता. लढाईला तोवर पंचावन्न वर्षं लोटली होती. तिथं पाहण्यासारखं उरलं होतं ते जमिनीचे चढउतार, पण तेच त्याला हवे होते.

त्र्यंबकला आलेल्या कादंबरीकाराला फेरीत काय मिळेल? एक म्हणजे मोजमाप. वीस किलोमीटर म्हणजे जुन्या हिशेबानं सहा-सात कोस. मोठा माणूस पाच-सहा तासांत उरकेल, लहान मुलं बरोबर असली तर दिवस जाईल. म्हणजे वाघ सकाळी आला की दिवस कलल्यावर, हे मुलांच्या पावलांवरून ठरतं. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. विठ्ठलपंत मूळचे पैठणजवळच्या आपेगावचे, गोदावरीच्या काठचे. तिथं नदीचं पात्र ऐसपैस. इथं ब्रह्मगिरीवर तीच नदी खडकातून थेंबथेंब ठिबकते. ज्या नदीच्या काठी जन्म गेला, तिचा उगम पाहायला संन्यास मोडलेला, गावानं वाळीत टाकलेला एक माणूस बायकोमुलांसह आला आहे. हे कुठल्याही पोथीत लिहिलेलं नसलं, तरी नकाशावर बोट ठेवलं की दिसतं. अर्धं प्रकरण इथंच हाताला लागतं.

मग कागद

चालून आल्यावर वाचन. तेराव्या शतकातल्या या कुटुंबाबद्दल हाताशी काय आहे?

सगळ्यात भरवशाची साक्ष खुद्द ज्ञानेश्वरीची. अठराव्या अध्यायाच्या शेवटी आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी गुरुपरंपरा येते. ग्रंथ शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, पूर्ण झाल्याचं आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतल्याचंही तिथंच कळतं. म्हणजे गहिनीनाथांपासून निवृत्तीकडं आलेला वारसा ग्रंथातच नोंदलेला आहे. वाघ मात्र तिथं नाही. तो नंतरच्या चरित्रपरंपरेतून येतो. दुसरी साक्ष नामदेवांच्या नावावरच्या ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या अभंगप्रकरणांची. कुटुंबाचं दुःख, भावंडांचं प्रेम, निरोपाचे प्रसंग या अभंगांतून मिळतात.

त्यानंतर सनावळ्या, आणि इथं पहिली अडचण उभी राहते. भावंडांच्या जन्मशकांच्या दोन परंपरा आहेत. एकीप्रमाणे निवृत्ती शके ११९५, ज्ञानदेव ११९७, सोपान ११९९ आणि मुक्ताई १२०१. दुसरीप्रमाणे निवृत्ती ११९०, ज्ञानदेव ११९३, सोपान ११९६ आणि मुक्ताई ११९९. इतिहासाचा अभ्यासक दोन्ही नोंदवून पुढं जाऊ शकतो. कादंबरीकाराला तसं करता येत नाही.

का, ते हिशेब करून बघू. समजा, वाघाच्या प्रसंगी निवृत्ती दहा वर्षांचा होता. पहिली परंपरा धरली तर ज्ञानदेव आठ, सोपान सहा आणि मुक्ताई चार वर्षांची. म्हणजे चौघंही आपापल्या पायांनी चालताहेत, मुक्ताई मध्येच ‘उचलून घे’ म्हणून हट्ट करते आहे. दुसरी धरली तर ज्ञानदेव सात, सोपान चार आणि मुक्ताई एक वर्षाची. आता मुक्ताई आईच्या कडेवर, सोपान बापाच्या खांद्यावर. वाघ आला, की आईबापाचे हात आधीच अडकलेले! मग थोरला चुकला यात नवल कसलं? शकांतल्या एका आकड्यानं प्रसंगाची हालचालच बदलते. कादंबरीकाराचं वाचन असं चालतं. आकडा दिसला की त्याचं शरीरात रूपांतर करायचं.

काय पुसायचं

तिसरा टप्पा पुसण्याचा, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. आज त्र्यंबकला जे डोळ्यांत भरतं त्यातलं बरंच त्या कुटुंबानं पाहिलेलंच नाही.

काळ्या दगडाचं भव्य मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. काम १७५५ साली सुरू झालं आणि १७८६ मध्ये पुरं झालं. ते पुसायचं. कुशावर्ताचं दगडी बांधकाम अठराव्या शतकातलं, तेही पुसायचं. तीर्थ ठेवायचं, घाट काढायचा. गंगाद्वाराकडं चढणाऱ्या सुमारे साडेसातशे पायऱ्याही काढायच्या. तिथं नाथांच्या गुहा दाखवतात, पण मुलगा तिकडं पायऱ्यांनी गेला नाही, काटेकुटे तुडवत गेला. आणि गावात निवृत्तिनाथांचं समाधिमंदिरही अर्थातच नाही, कारण समाधी अजून घडायची आहे, शके १२१९ मध्ये.

मग शिदोरी सोडून बघायची. आईनं भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा दिला, की कादंबरी कोसळली! मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा ही सगळी पिकं मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीज आल्यानंतर ती आपल्याकडं रुळली. तिखटपणाला तेव्हा मिरी, पिंपळी आणि आलं. भाकरी मात्र राहू द्यावी, नागलीची. भात, नागली, वरई आणि उडीद ही या डोंगराळ भागातली जुनी पिकं, आजही दिसतात.

वेळेचंही तसंच. ‘पाच मिनिटांनी’ म्हणून चालत नाही. प्रहर, घटका, पळ यांतच माणसं विचार करतात. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. ‘घटकाभरानं मूल सापडलं नाही’ हे वाक्य ऐकायला साधं, पण आईच्या काळजाची चोवीस मिनिटं त्यात मावतात.

कान

चौथा टप्पा कानांचा. गोनीदांच्या कादंबऱ्या वाचताना सगळ्यात आधी जाणवते ती बोली. ‘पडघवली’ अंबूवहिनी सांगते, ती कोकणातल्या घरातल्या बाईच्या भाषेत. ‘पूर्णामायची लेकरं’ मध्ये वऱ्हाडी कानावर येते. ‘जैत रे जैत’ ठाकरांच्या जगातली. १९७७ साली जब्बार पटेलांनी तिच्यावर चित्रपट केला आणि ना. धों. महानोरांच्या गाण्यांसह तो घरोघर पोचला. एका लेखकाला इतक्या बोली येतात त्या कोशांतून नव्हे. कोश शब्द देतो. शब्दावर जोर कुठं द्यायचा, वाक्य कुठं तोडायचं, बाई रागावली की क्रियापद आधी येतं की नंतर, हे ओसरीवर बसूनच कळतं.

त्र्यंबकच्या आसपास महादेव कोळी, ठाकर, वारली, कोकणा अशा समाजांची वस्ती आहे. उन्हाळ्यात राब भाजणं, पावसात आवणी, भाताची खाचरं आणि नागलीची वरकस जमीन, हे शब्द तिथल्या कामाचे आहेत. ‘वाघ’ हा शब्दही नीट ऐकायला हवा. या पट्ट्यात बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि वाघदेवाला मान देण्याची रीत आहे. गोष्टीतला वाघ पट्टेरी होता की बिबट्या, हे लिहिणाऱ्यानं मनाशी ठरवलं पाहिजे. दोघांची चाल, आवाज, माणसासमोर येण्याची पद्धत वेगळी. आणि आपेगाव-आळंदीकडच्या विठ्ठलपंतांना रानात जे दिसेल ते भीतीचं असेल, वाटेवरच्या कोळ्याला तोच वाघ देव वाटेल. एका जनावराचे हे दोन अर्थ शेजारीशेजारी ठेवले की संवादाला आपोआप धार येते.

आता कळीचा प्रश्न. तेराव्या शतकातली माणसं बोलणार कुठल्या मराठीत? तेव्हाचं बोलतं गद्य आपल्याकडं आहे. म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ त्याच शतकातलं. चक्रधरांच्या रोजच्या हालचाली, खाणंपिणं, बोलणंचालणं त्यात टिपलेलं आहे. पण कादंबरी त्या भाषेत लिहिली तर वाचक दुसऱ्या पानावर पुस्तक मिटेल, आणि आजच्या शहरी मराठीत लिहिली तर विठ्ठलपंत सोसायटीचे सेक्रेटरी वाटतील. मधली वाट अशी, की नवे परके शब्द टाळायचे, जुने पण कळणारे शब्द पेरायचे आणि वाक्याची लय ओवी-अभंगांच्या जवळ ठेवायची. गोनीदांच्या संतकादंबऱ्यांची भाषा अशीच जुन्या वळणाची, तरी आजच्या वाचकाला अडवत नाही.

वाचनाची रीत

ही लय येते कुठून? इथं कादंबरीकाराच्या वाचनाच्या सवयीकडं वळलं पाहिजे. सातवीत शाळा सुटलेल्या माणसानं संतसाहित्याचा एवढा व्यासंग केला, तो पोथीच्या रीतीनं. नऊ हजारांवर ओव्यांची ज्ञानेश्वरी ही गोनीदांची आयुष्यभराची सोबतीण. पोथी वाचण्याची आपल्याकडची रीत नीट पाहिली तर लक्षात येतं, की ती लेखकासाठीच बनवल्यासारखी आहे. पोथी मोठ्यानं वाचतात, सावकाश वाचतात, आणि संपली की पहिल्यापासून पुन्हा वाचतात. एकदा वाचलेलं पुस्तक माहिती देतं. पन्नासदा मोठ्यानं वाचलेलं पुस्तक श्वासाची लांबी बदलतं, आणि लिहायला बसल्यावर वाक्य त्या श्वासानं येतं.

दुसरं वाचन शोधाचं. त्यासाठी ग्रंथालय लागतं. त्र्यंबकहून तीस किलोमीटरवर नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० साली स्थापन झालेलं. जुन्या मुंबई इलाख्याचं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर १८८३ मधलं. त्र्यंबकचा डोंगर, तीर्थं, यात्रा यांची वर्णनं त्यात आहेत. असं वाचन भराभर, टिपणवही शेजारी ठेवून करायचं, आणि लिहिताना त्यातलं बहुतेक गाळायचं. जमवलेली माहिती सगळी दाखवायचा मोह झाला की कादंबरीचं मार्गदर्शक पुस्तक होतं.

तिसरं वाचन खास तीर्थक्षेत्राचं. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडं यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, की गुरुजी लांबट वही काढतात. कोण कधी आलं, त्याचे वडील, आजोबा, भाऊ, मुलगे कोण, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेलं. जुनी पानं काही ठिकाणी मोडीत. तेराव्या शतकासाठी त्यांचा उपयोग नाही, पण पेशवाई किंवा इंग्रजी अमदानीतली कादंबरी लिहिणाऱ्याला याहून चांगली खाण मिळणार नाही. कुठल्या काळात कुठली नावं ठेवत, एका घरात किती भाऊ, आधीच्या नोंदीतला मुलगा पुढच्या नोंदीत का नाही, हे प्रश्न ती पानंच विचारतात. ज्याला अशा नुसत्या नावांच्या यादीत गोष्ट दिसते, त्यानं कादंबरीच्या वाटेला जावं.

मोकळी जागा

इतकं झाल्यावरही मुख्य काम बाकीच असतं. पाय सांगतात तेवढं लिहिलं, कागद सांगतात तेवढं धरलं, खोटं ते पुसलं, भाषा बसवली. तरी वाघ दिसल्यापासून मुलगा परत येईपर्यंतच्या दिवसांत आईबापांचं काय झालं, हे कुठंही लिहिलेलं नाही. परंपरेला त्यात रस नाही. तिचं लक्ष गुहेकडं आहे. कादंबरीकाराला मात्र ही मोकळी जागा म्हणजे आयतं आंदण.

तिथं त्याला एक निर्णय घ्यावा लागतो. गोष्ट कुणाच्या डोळ्यांतून दाखवायची? निवृत्तीबरोबर गुहेत गेलं तर गहिनीनाथांचं तेज, शांतता, उपदेश. पण तिथं गेला की लेखक चरित्रकाराच्या रांगेत बसतो, आणि चमत्काराचं वर्णन शब्दांना पेलत नाही. विठ्ठलपंतांबरोबर राहिलं तर अपराधाची भावना. आधीच लोकांनी वाळीत टाकलेलं, त्यात मूल हरवलं. सात-आठ वर्षांच्या ज्ञानदेवाबरोबर राहिलं, तर दादा नाही म्हणजे काय हे पहिल्यांदाच कळणारं पोर. रुक्मिणीबरोबर राहिलं तर? तिच्याकडं वेळच नाही. उरलेल्या तिघांना खाऊ घालायचं आहे, कोरडं करायचं आहे, झोपवायचं आहे. दुःख करायला जी सवड लागते ती तिला नाही. या निवडीवर कादंबरीचा सूर ठरतो. एकदा ठरला, की मागचे चारही टप्पे त्याच्या सेवेला लागतात. पाऊस, नागलीची भाकरी, घटका, वाघाचा आवाज, सगळं त्या एकाच माणसाला जाणवेल तेवढंच यायचं.

शेवटी आवाज

लिहून झालं की शेवटची परीक्षा मोठ्यानं वाचण्याची. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर आपली वाक्यं खोलीत ओरडून तपासत असे. वाक्य छातीला अडलं की ते चुकलं, असं त्याचं गणित. आपल्याकडं त्याची गरज वेगळ्या कारणानं आहे. आपल्या गोष्टी मुळात ऐकण्यासाठीच होत्या. गोनीदांच्या कादंबऱ्या या परीक्षेत कशा उतरल्या, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. त्यांच्या कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांनी त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन गावोगावी केलं. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, हातात संहिता आणि समोर श्रोते. पोथीच्या रीतीनं वाचणाऱ्या माणसाची कादंबरी पुन्हा पोथीसारखीच, मोठ्यानं, समुदायात वाचली गेली.

आता पुन्हा फेरीवर येऊ. त्र्यंबकला जायचं असेल तर गर्दीत एक गोष्ट पाहा. अरुंद वाटेवर लोंढा आला, की पुढं गेलेली एखादी बाई थबकते, बाजूला होते आणि मागं वळून बोटानं मोजते. एक, दोन, तीन, चार. सगळी पोरं आली, की पुन्हा चालू लागते. तिला आपण काही केलं असं वाटतही नाही. मागून चालणारा कादंबरीकार मात्र तिथंच थांबतो. साडेसातशे वर्षांपूर्वी याच डोंगराला वळसा घालताना एका आईनं असंच मागं वळून मोजलं असणार, आणि मोजणी तिनावर थांबली असणार.